काटा उठेस्तवर

दिवाळी अंकवाल्या बाईंनी सांगितलं, तुझ्या कामाचं लिव्ह, आन् जसं बोलतीस तसंच लिव्ह, सुधरवायला जाऊ नको. मी आठवीतनं साळा सोडलेली, सुधरवायचं म्हणलं तरी कुठनं सुधरवू. त्यात माझी लेक चिऊ मांडीवर, ती पेन वढती, वाक्य तुटतं, मग काय लिवत व्हते तेच इसरून जातं. म्हणून मी दमच घेत न्हाय. जेवढं सुचल तेवढं एका दमात लिवते, मधी थांबले तर भ्या वाटंल आन् मग सगळंच ऱ्हाईल.

भ्याचंच आदी सांगते. मी लई भित्री हाय. इजंला भिते, पालीला भिते, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला तर लईच भिते. घरात माझे दीर मला भागूबाई म्हणायचे, आमच्या आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, त्या बी हसायच्या. हसू द्या. भिणारी बाई ज्या कामाला चालत न्हाय म्हणतात तेच काम मी करते, आन् भिते म्हणूनच बरं करते, हेच मला सांगायचंय.

परंड्यात कुर्डुवाडी रोडला आमचा एक गाळा हाय, गाड्यांच्या वायरिंगचा. माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी सारी हयात ट्रॅक्टर, जीप, टेम्पो ह्यांच्या दिव्यात आन् हॉर्नात घातली. मग शुगरनं त्यांची नजर गेली. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजानं वळखतात. आमचे मालक कंटेनरवर डायवर, आज इथं तर उद्या गुजरातला. गाळ्यात बसणार कोण? मी मामांना दुपारचा डबा घिऊन जायची, तर ते म्हणायचे पोरी तेवढी लाल वायर कंची ते बग, काळी कुठं गेली ते बग, आन् बघता बघता मी बघायचं सोडून करायलाच लागले. चिऊची झोळी शटरच्या आतल्या हुकाला बांधली, मामा खुर्चीत बसून एका हातानं झोळी हलवायचे आन् तोंडानं मला वाट दाखवायचे.

आता मीटरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. हल्ली पोरं गाड्यांचं इंजिन जोरदार करून आणत्यात. टर्बो म्हंजी इंजिनात हवा फुकणारा पंखा, कंप्युटर लावून त्याची फुंकर वाढवायची, मग गाडी पळती. पळती खरी, पर इंजिनाला ते सोसतंय का न्हाय हे कळाया पायजे, म्हणून वरनं जादा मीटर बसवायचे. एक फुंकरीचा, एक ऑइलच्या दाबाचा, एक ऑइलच्या गरमीचा. काचंच्या कडंला, डायवरच्या नजरंसमोर.

कंपनीचा एक लाल दिवा असतोच गाडीत, ऑइलचा, किटलीवानी चित्र असतं त्याचं. नुसती चावी फिरवली की तो लागतो, इंजिन चालू झालं की इझतो. पर चालत्या गाडीत तो लागला, तर मामा म्हणतात ती वर्दी न्हाय, तो मयतीचा निरोप असतो. लेकराला फिट आल्यावर ताप व्हता हे कळून काय उपेग? कपाळाला हात आदी लावाया पायजे. मीटर म्हंजी तो हात. मला हे काम म्हणूनच आवडलं. ज्याच्या जिवात भ्या हाय त्यालाच मीटरची किंमत.

बसवायचा कसा? पत्र्याला नवीन भोक पाडायचं न्हाय. इंजिनाकडनं आत यायला रबराचं बूच असतं, त्यातनंच वायर घ्यायची, सायलेन्सरपासनं लांब. इंजिनाला जिथं त्या लाल दिव्याचं बटण असतं तिथं पितळंची टी लावायची, ठिबकला असती तशी. तिच्या एका तोंडाला जुनं बटण, दुसऱ्या तोंडाला नवा सेन्सर. आन् आता हे नीट ऐका. सेन्सरला वायर एकच असती. दुसरी वायर म्हंजी इंजिनाचं लोखंड. टी आपल्या आट्यांतनं लोखंडाला भिडती, तीच अर्थिंग. म्हणून त्या आट्याला काय बी गुंडाळायचं न्हाय. आमच्याकडं हिरीच्या मोटरीपायी घरोघरी सवय हाय, आटा दिसला की त्याला सुतळी गुंडाळायची, वरनं सफेदा, म्हंजी तो पांढरा चिकट लेप, फासायचा आन् आवळायचं. मामांनी मला पयल्याच दिवशी बजावलं, "पाण्याच्या आट्याला सुतळी, करंटच्या आट्याला लोखंड." हे वाक्य मी चिऊला अंगाईवानी म्हणते.

गिऱ्हाईकं तर एकेक येत्यात. एका टमटमवाल्याला फुंकरीचा मीटर पायजे व्हता. म्या म्हणलं काका, तुमच्या टमटमला टर्बोच न्हाय, फुकणार कोण? तर म्हणला, फुकतो मी, तू बसव. दुसरा एक आला त्याला गाडी इकायची व्हती. त्याला मीटर पायजे पर इंजिनाला जोडायचा न्हाय, नुसता काटा मधोमध उभा ऱ्हायला पायजे. मामा म्हणले, बाबा, मग बंद पडलेलं घड्याळ लाव की, सस्तात पडंल. तो रागानं गेला. मग मामा मला म्हणले, जिता काटा थरथरतो पोरी. जो हलत न्हाय तो मेलेला समजायचा.

आता सोनारीचा दादा. त्याचं नाव लिवत न्हाय. सोनारीकडं त्यांची मोठी बागायत हाय, आन् त्याच्या वडलांच्या जीपचं वायरिंग मामांनीच केलेलं. दादाची गाडी निळी, ढेकळाला घासल एवढी खाली बसलेली, पुण्यात जाऊन इंजिन वाढवून आणलेलं. कर्नाटकात इमानाच्या जुन्या धावपट्टीवर रेस व्हती, दोन दोन गाड्या सरळ सोडत्यात. त्यानं तीन मीटर मागवले व्हते आन् दुसऱ्या दिशी सकाळी रेस. मामा बसवत्याल म्हणून आला. मामा म्हणले माझी नजर गेली, सून बसवंल. दादानं माझ्याकडं बघितलं, झोळीकडं बघितलं.

"मामा, टर्बोची गाडी हाय ही. मिक्सर न्हाय."

"मिक्सर बी करती ती," मामा म्हणले. "तुझ्या आईचा बिघडला तर तो बी आण."

दादा हसला आन् चावी दिली, पर मी हसले न्हाय. कारण घरात निराळंच चाललेलं. माझे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते, त्यांचं पंप-पायपाच्या फिटिंगचं काम. त्यांना त्यो गाळा पायजे व्हता. बाईमाणूस गाडीखाली शिरतंय, लोक काय म्हणत्यात, असं रोज जेवताना. आदल्याच दिशी आत्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं व्हतं, मोठ्या घरची गाडी येतीय, हिच्या कामाची एक जरी तक्रार आली तर शटरची चावी भाऊजीला द्यायची आन् हिनं घरी बसायचं. मला त्या दिशी सकाळी उलटी झाली, पोटुशी न्हाय, भ्यानं.

तरी बसवलं. मीटर उभे केले, वायरा बुचातनं आणल्या, टी लावली. हात कापत व्हते, पर कापता कापता नीट काम करायची मला सवय हाय. इंजिन चालू केलं. काटा उठला, मधे आला आन् थरथरत ऱ्हायला. एवढा देखणा. टीपाशी ऑइलचा एक थेंब पाझरला व्हता, म्या अजून पाव आटा आवळलं, खाली फडकं ठिवलं, गार झालं की परत बघू म्हणलं. तवर चिऊच्या डोसाची येळ झाली, सरकारी दवाखान्यात गेलं न्हाय तर नर्सबाई वरडती. गाडी गाळ्यात, मामा खुर्चीत. मी गेले.

आले तर बोनेट झाकलेलं आन् भाऊजी हात पुसत उभे. म्हणले, वैनी, थेंब गळत व्हता, बंद केला बगा, आता टिपूस यायचा न्हाय. म्या इचारलं काय केलं, तर म्हणले काय न्हाय, आवळलं. त्यांच्या बोलण्यात तवा वाईट काय नव्हतं, हे बी मला लिवायलाच पायजे. गळतंय ते बंद करायचं, त्यांचा धंदाच त्यो. मी बोनेट उघडणार तवर दादा आला, बसला आन् गाडी चालू केली.

काटा उठलाच न्हाय. पार खाली पडलेला. दादानं काचंवर टिचकी मारली, इंजिन अजून वाढवलं. काटा मेला व्हता.

म्या बंद करा म्हणून सांगितलं. तो म्हणला मीटर खराब हाय तुझा, कंपनीचा दिवा तर इझलाय की, म्हंजी ऑइल हाय, ऱ्हाऊ दे, मी निघतो. भाऊजी बी म्हणले, निघा दादा, मीटरचं काय एवढं. मला काय झालं ठावं न्हाय. चिऊ एका कडंवर, दुसरा हात खिडकीतनं आत घातला, इंजिन बंद केलं आन् चावी काढून कंबरंला खोचली. मोठ्या घरच्या माणसाच्या गाडीची चावी. मी दाराला टेकून उभी ऱ्हायले.

दादा खाली उतरला. मोठ्यानं बोलायला लागला. मला त्यातलं निम्मं ऐकूच आलं न्हाय, कानात नुसता सूं आवाज. म्या एवढंच म्हणलं, एक डाव दिवा बगा. चावी परत लावली, इंजिन चालू न करता नुसती फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, ब्रेकचा लागला. किटलीचा लागला न्हाय.

तो इझला नव्हता. तो लागतच नव्हता. काटा बी मेलेला आन् दिवा बी मेलेला. वाटंत पंप बंद पडला असता, ऑइल सगळं रस्त्यावर सांडलं असतं, तरी गाडीनं त्याला हूं का चूं सांगितलं नसतं.

बोनेट उघडलं. टी मुळापासनं पांढरी. सफेदा फासलेला आन् आट्यातनं सुतळीचं शेपूट बाहीर, उंदराच्या शेपटावानी. म्या एक वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला, एक त्या टीला लावलं, तर आत दिवा लागला. लोखंड मिळत नव्हतं, बाकी काय न्हाय. दादाचा जीव भांड्यात पडला. म्हणला, झालं तर, पुस ते आन् दे गाडी.

पर मी टी खोलली तवा सुतळीचा एक पदर आतल्या तोंडाला चिकटलेला निघाला, तुटका. बाकीचा कुठं गेला? त्या भोकातनं ऑइल पुढं जातं, टर्बोला जाणारी नळी तर बारीक, सरबताच्या नळीएवढी. तिथं एक धागा आडवा बसला तर टर्बो कोरडा पडून जळंल, आन् तवा दादानं गाडी रेसमधी पार जोरात सोडलेली असंल. ती नळी खोलायचं काम माझं न्हाय, मेकॅनिकचं. गाडी वढून बार्शीला न्यायला पायजे, चालवत न्हाय. म्या तसं सांगितलं. म्हंजी रेस गेली, हे त्याला बी कळलं आन् मला बी. त्याचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड मला अजून दिसतं. वरीसभर त्यानं त्या एका सकाळीची वाट बघितली व्हती.

मग तो ज्या आवाजात बोलला त्याला मी खरी भ्याले, कारण तो आवाज बारीक व्हता. "हे कुणी केलं?"

भाऊजी जमिनीकडं बघत व्हते. मामा म्हणले, आण इकडं ते. म्या ती सुतळी मामांच्या हातावर ठिवली. त्यांनी बोटानं चाचपली, नाकापाशी नेली. आमच्या गाळ्यात सफेद्याचा डबा कदी आलाच न्हाय. मामांना कळलं, मला दिसलं की कळलं. ते सुतळी मुठीत धरून म्हणले, "म्या लावली. नजर न्हाय, हात चुकला. मला माफ कर बाबा."

दादा एकदम नरम पडला. म्हाताऱ्या आंधळ्या माणसाला काय बोलणार. मामा तुमी कशाला हात लावला, एवढंच म्हणला. सगळं तिथंच मिटत व्हतं. घराची अब्रू ऱ्हायली, लेक वाचला, माझ्यावर बी आळ न्हाय. मी बी गप बसले असते, खरं सांगते. पर भाऊजी म्हणले, "मी कवाचा सांगतोय दादा, ह्यांच्यानं आता हुत न्हाय. हे शटरच वढायला पायजे."

बापानं अंगावर घेतलं आन् ह्यांनी त्यावरच पाय ठिवला.

आमच्यात सासऱ्यासमोर सून वर मान करून बोलत न्हाय, तिऱ्हाईत उभा असताना तर न्हायच न्हाय. चिऊ रडायला लागली, तिला बी गप केलं न्हाय.

"मामांनी न्हाय लावली," म्या म्हणलं. "मामा खोटं बोलत्यात."

मामांची मान वर झाली. म्या थांबलेच न्हाय, थांबले असते तर परत तोंड उघडलं नसतं. म्हणलं, करंटच्या आट्याला सुतळी लावायची न्हाय हे ज्यांनी मला शिकवलं त्यांचा हात झोपंत बी असा चुकायचा न्हाय. सफेद्याचा डबा कुणाच्या पिशवीत असतो ते सगळ्या परंड्याला ठावं हाय. भाऊजींनी मुद्दाम केलं असं मी म्हणत न्हाय, पर केलं त्यांनी. आन् काम माझं हाय, म्हणून गाडी मी सोडणार न्हाय, मला मारलं तरी.

दादा म्हणला, तुला कळतं का माझं काय जातंय ते. मला कळत व्हतं.

"दादा, तुमच्या आईच्या शिव्या मी ऐकून घीन," म्या म्हणलं. "तिचं रडणं मला ऐकवायचं न्हाय."

त्यानं घरनं जीप मागवली, गाडीला दोर बांधला आन् बार्शीला गेला. भाऊजी त्याच्या आदीच निघून गेले. धागा आत घावला का न्हाय, हे मला कुणी येऊन सांगितलं न्हाय. नसंल बी घावला. नसंल तर त्याची रेस माझ्यामुळं फुकट गेली, ह्याचं मला वाईट वाटतंच. पर तसंच परत घडलं तर मी चावी परत काढून घीन. ह्यात फरक न्हाय.

घरी मी शटरची चावी देवापुढं ठिवली, म्हणलं जे करायचं ते करा. आत्या तावातावानं ती उचलायला गेल्या, सुनंनं सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडलं, आता हिचं दुकान बंद. मामा त्या येळंपासनं एक शब्द बोलले नव्हते, जेवले बी नव्हते. ते म्हणले, तक्रार कशाची आली म्हणतीस, गाडीची का घराची? आत्या म्हणल्या घराची. मामा म्हणले, ठरलं व्हतं ते गाडीचं. ठिव चावी खाली.

पर माझ्याशी ते बोलले न्हाईत. लई दिवस. सकाळी काठी घिऊन दारात उभे ऱ्हायचे, मी हात धरून गाळ्यावर न्यायची, खुर्चीत बसवायची, ते झोळी हलवायचे आन् गप. लाल कुठं, काळी कुठं, काय सांगायचे न्हाईत. म्या एकटीनं केलं. चुकते का काय म्हणून प्रत्येक वायर दोनदा तपासली. आता वाटतं, गप बसून बी त्यांनी शिकवलंच.

भाऊजींनी एसटी स्टँडपाशी दुसरा गाळा घेतला. मला अजून वैनी म्हणत न्हाईत, दुकानवाली म्हणतात, टोमण्यानं. चालतंय की. दुकान तर म्हणतात.

आन् मागच्या महिन्यात पार मुरूमहून एकजण आला, जिल्ह्याच्या त्या टोकाहून ह्या टोकाला, तसलीच खाली बसलेली गाडी घिऊन. म्या इचारलं एवढ्या लांब कशाला आलात, तर म्हणला सोनारीच्या दादानं धाडलं. दादा म्हणला व्हता, तिथली बाई गाडी अडवती, पर जा. म्या मीटर बसवले. चालू करायची येळ आली, तसा माझा दम आपोआप अडकला, काटा उठेस्तवर तो सुटत न्हाय, आन् हात तर कापतातच. त्या माणसानं ते बघितलं. मला न बोलता मामांकडं वळून हळूच म्हणला, मामा, हिचे हात लई कापत्यात की हो.

मामांनी झोळी हलवायची थांबवली.

"कापू द्या," मामा म्हणले. "जवा कापायचे थांबत्याल, तवा गाडी दुसरीकडं न्या."